शब्दांचं गणगोत (भाग १७) : कमी करणं आणि कमी होणं

आज जरा लांबचा पाहुणा आणलाय : स्वीडिश भाषेतलं 'मिल्द्रा' हे क्रियापद. 'मिल्द' म्हणजे सौम्य, त्यावरून 'मिल्द्रा' म्हणजे सौम्य करणं. शब्द साधा आहे, पण इंग्रजीत नेताना एकावर भागत नाही. वेदना असेल तर 'अलीव्हिएट', धक्का असेल तर 'सॉफन', शिक्षा असेल तर 'मिटिगेट'. यातले दोन लॅटिनमधून आले. 'मिटिगेट'च्या मुळाशी मऊपणा आहे, 'अलीव्हिएट'च्या मुळाशी हलकेपणा. दुखणं हलकं पडलं असं आपणही म्हणतोच की.

पण वारणाकाठच्या कोडोलीत राहून या शब्दांकडे बघताना मला वेगळंच काही जाणवतं. 'मिल्द्रा'ला कर्ता लागतो, कुणीतरी काहीतरी सौम्य करावं लागतं. आपल्याकडे ती गोष्ट बहुतेक वेळा आपली आपणच कमी होते. ताप उतरतो, सूज उतरते, वारा पडतो, पूर ओसरतो, राग निवळतो. तापलेल्या पोराच्या कपाळावर रात्रभर ओल्या घड्या ठेवणारी आजीसुद्धा पहाटे "ताप उतरालाय" एवढंच म्हणते. मी उतरवला, असं तिच्या तोंडी येत नाही.

गुऱ्हाळावर हे जवळून दिसतं. काहिलीत रस तापायला लागला की त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात. रसातला गाळ त्या चिकटपणाला धरून वर येतो, ती मळी काढली की रस निवळतो. पुढं पाक उतू यायला लागला की गुळव्या वरून थोडं तेल शिंपडतो आणि चुलवाणाशी बसलेल्याला ओरडून सांगतो, "जाळ कमी कर!" तेलानं फेस मोडतो, पाक खाली बसतो. माणसाचा हात जाळावर आणि तेलावर चालतो, बसायचं काम मात्र पाकाचं. 'निवळणं'मध्ये 'निर्मळ' दडलेला आहे. राग निवळला म्हणजे तो नुसता कमी झाला असं नाही, गढूळ झालेलं मन पुन्हा तळापर्यंत दिसायला लागलं. हा अर्थ 'मिल्द्रा'त नाही, 'मिटिगेट'मध्येही नाही.

सरकारी मराठीत मात्र मी अडखळतो. आपत्तीच्या संदर्भात 'मिटिगेशन'साठी आपण अनेकदा 'निवारण' लिहून मोकळे होतो. निवारण म्हणजे दूर करणं, टाळणं. मिटिगेशन एवढं मोठं वचन देत नाही. संकट येणारच, त्याचा तडाखा कमी बसावा, इतकंच ते म्हणतं. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा पूर बघितलेल्या वारणाकाठच्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पुराचं निवारण होईल असं सांगितलं तर तो गप्प बसेल. जनावरं आधी उंचावर न्या, धान्य माळ्यावर चढवा, म्हणजे नुकसान कमी होईल, असं सांगितलं तर लगेच उठेल. 'उपशमन' हा शब्द आहे, अर्थानं नेमका आहे, पण तो फायलीतून गावात आलेला नाही. मला विचाराल तर सरळ 'झळ कमी करणं' म्हणावं. झळ म्हटलं की चुलीपुढं बसलेल्या प्रत्येकाला कळतं.

'निवणं' मी मुद्दाम मागं ठेवलंय. जेवणाआधी निवत ठेवलेल्या दुधाचं 'निर्वाण' या शब्दाशी काय नातं आहे, ते पुढच्या आठवड्यात.