मारक विष, पेशींचा दिवा

पावसाळा सुरू झाला, की शिरढोण-कर्नाळ्याच्या रानात अळंबी उगवू लागते. खाण्याजोगी कोणती आणि विषारी कोणती, हा प्रश्न थेट जिवाशी निगडित आहे. जगभरात अळंबीच्या विषबाधेने होणाऱ्या बहुतांश मृत्यूंना मूळची युरोपातील ‘डेथ कॅप’ ही जात जबाबदार असते. तिच्यातीलच एक विष मात्र पेशीशास्त्रज्ञांचे विश्वासू साधन बनले आहे. त्याचे नाव फॅलॉयडिन.

पुढे १९६४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या फेओडोर लिनेन यांनी १९३७ च्या सुमारास जर्मनीत या विषावर संशोधन केले. पेशीला आकार व गती देणारे ॲक्टिन प्रथिनाचे तंतू सतत बनत आणि विरत असतात. फॅलॉयडिन त्यांना घट्ट चिकटून त्यांचे विरणे थांबवते. १९७९ मध्ये त्याला चमकणारा रंग जोडण्यात आला आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू उजळून दिसू लागले. कर्करोगाच्या पेशी कशा सरकतात, याच्या अभ्यासातही ते उपयोगी पडते.

खाणाऱ्याचा जीव मात्र फॅलॉयडिन घेत नाही. ते आतड्यांतून फारसे शोषलेच जात नाही. घात करते ते इतर काही अळंब्यांतही आढळणारे ॲमॅनिटिन. ते शिजवून नष्ट होत नाही. लक्षणे सहसा सहा तासांनंतर दिसतात. मध्ये रुग्णाला बरे वाटते, तेव्हाही यकृत निकामी होत असते. चांदीचा चमचा काळा पडण्याची परीक्षा निरुपयोगी आहे. अनोळखी अळंबी टाळणे आणि चुकून खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे, हेच शहाणपणाचे.