पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे झाले? झाडपाला नको, आधी सर्जन गाठा

दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढली की पेशंट बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत घरी येतो. सुरुवातीला खांदा दुखतो, त्याला घाबरू नका. ऑपरेशनवेळी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, त्याचा तो परिणाम. काहींना काही आठवडे पातळ शौचाला होते, तेही बहुधा आपोआप थांबतं.

दुखणं मात्र रोज थोडं थोडं कमी व्हायलाच हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, पोट फुगलं, थंडी-ताप आला, उलट्या थांबेनात, तर गॅस समजून ओवा-सोडा घेत बसू नका. आत पित्त गळत असू शकतं.

यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी या पिशवीच्या अगदी जवळ असते. सूज जास्त असली की नळी ओळखणं अवघड जातं आणि तिला इजा होऊ शकते. हजार ऑपरेशनांमागे साधारण 3 ते 5 वेळा असं घडतं. कधी लावलेली क्लिप सरकते, तर कधी खडा आधीच नळीत उतरलेला असतो. ‘पिशवीच काढली, मग खडा आला कुठून?’ असं नातेवाईक विचारतात, तो हाच खडा.

नळी अडली की डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातकट पांढरी आणि अंगाला खाज. आपल्याकडे घोळ होतो तो इथं. कावीळ म्हटलं की पावलं गावातल्या औषधवाल्याकडे वळतात. पण ही कावीळ अडथळ्याची. पाल्याच्या रसानं किंवा पथ्यानं नळी मोकळी होत नाही, आणि तेवढ्या दिवसांत जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं.

डिस्चार्ज कार्ड घेऊन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा. रक्ताची तपासणी, सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरसीपी करतात. अडकलेला खडा किंवा छोटी गळती असेल तर बऱ्याचदा तोंडावाटे दुर्बीण घालून, म्हणजे ईआरसीपी करून, काम भागतं. पोट उघडावं लागत नाही. ही सोय तालुक्याला सहसा नसते, त्यामुळे मोठ्या शहरात पाठवलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. मुख्य नळीच कापली गेली असेल, तर मात्र अशा दुरुस्तीचा अनुभव असलेला सर्जनच हवा.

नळीत प्लास्टिकचा स्टेंट बसवला असेल तर तो काढायची तारीख कार्डावर लिहून घ्या. बरं वाटतंय म्हणून तो तसाच राहिला, तर काही महिन्यांत तुंबतो आणि कावीळ परत येते.