भेट म्हणून आलेलें पिस्तूल

आपल्या घरांतून ज्या वस्तु एका पिढीकडून दुसरीकडे जातात त्या बहुधा निरुपद्रवी असतात. देवघरांतला शाळिग्राम, आजीची ठुशी, पितळेचें घंगाळ, हस्तलिखित पोथ्या. त्या कोणीं कोणास दिल्या याची सरकारदरबारीं नोंद करावी लागत नाहीं. परंतु कांहीं घरांच्या कपाटांत आणखी एक वस्तु असते, आणि तीहि याच सहजतेनें दिली-घेतली जाते. गेल्या भाऊबीजेस ती माझ्या हातीं आली, म्हणून हें लिहिण्याचा प्रसंग.

माझे ज्येष्ठ मेहुणे सातारा जिल्ह्यांत डोंगराच्या पायथ्याशीं शेती करून राहतात. वय ७३, घरांत एकटे. वस्तीपासून दूर राहावयाचें म्हणून त्यांनीं तरुणपणीं परवाना काढून ०.३२ बोअरचें एक रिव्हॉल्व्हर घेतलें होतें. परवान्याचें नूतनीकरण त्यांनीं एकदांहि चुकविलें नाहीं. आम्ही पुण्यास परत निघालों तेव्हां जुन्या पंचांत गुंडाळलेलें एक गांठोडें माझ्यापुढें ठेवून ते म्हणाले, "भावोजी, आतां मला नीट दिसत नाहीं. तुम्ही पुण्यास जातच आहां, तर हें आमच्या चिरंजीवांस द्या. माझ्यामागें तें त्याचेंच आहे."

मीं तें चकल्यांच्या डब्याशेजारीं पिशवींत ठेवलें. आपण कांहीं गैर करीत आहों अशी शंकाहि मला आली नाहीं. बापानें मुलास द्यावयाचें, त्यांत तिऱ्हाइताचा संबंध काय?

सुदैवानें तेवढ्यांत माझा एक जुना विद्यार्थी, आतां तालुक्याच्या कोर्टांत वकिली करणारा, नमस्कारास आला. बोलतां बोलतां गोष्ट निघाली. त्यानें चहाचा पेला खालीं ठेवला.

"गुरुजी, पिशवी अजून घराबाहेर गेली नाहीं ना?"

"नाहीं."

"मग गांठोडें काकांच्या हातीं द्या, आणि तें त्यांच्याच कपाटांत त्यांच्याच कुलुपांत जाऊं द्या. बाकीचें मग सांगतों."

त्यानें सांगितलेलें मीं पुढें कायद्याचें पुस्तक आणून ताडून पाहिलें. सध्यां चालू असलेला हत्यारांचा कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला, आणि लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतला १८७८ चा कायदा त्यामुळें रद्द झाला. कायदा वाचणारे लोक व्याख्यांचें पान ओलांडून पुढें जातात; येथें मात्र सारें मर्म त्या पानांतच आहे. शस्त्राचें 'संपादन' या शब्दांत भेट म्हणून स्वीकारणें स्पष्टपणें घातलेलें आहे, आणि 'हस्तांतरण' या शब्दांत उसनें देणें, नुसतें देणें व ताबा सोडणें हीं सर्व येतात. मिताक्षराकारांनीं दानास प्रतिग्रहाची जोड आवश्यक मानली व तो प्रतिग्रह मानसिक, वाचिक आणि कायिक असा त्रिविध सांगितला. शस्त्राच्या बाबतींत हा कायिक प्रतिग्रह, घेणाराजवळ आधीं परवाना नसेल तर, गुन्हा ठरतो. पैसा दिला-घेतला नाहीं, दाता जन्मदाता आहे, या गोष्टींनीं त्यांत फरक पडत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास कमींत कमी २ व जास्तींत जास्त ५ वर्षें कैद आणि दंड आहे. माझ्यासारख्या वाहकाचीहि सुटका नाहीं. परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारानें, दुरुस्तीस, नूतनीकरणास अथवा त्याच्या स्वतःच्या उपयोगासाठीं दुसऱ्यास शस्त्र नेतां येतें. मुलास पोंचविणें हें त्यांत बसत नाहीं.

दुसरा भ्रम याहून व्यापक आहे. शस्त्राबरोबर परवानाहि वारसानें येतो असें पुष्कळ सुशिक्षित घरांत समजतात. शस्त्र ही संपत्ति आहे, तिला वारस आहेत. परवाना त्या माणसापुरता, आणि त्याच्याबरोबरच संपणारा. नारदांनीं देय आणि अदेय असे विभाग पाडले आहेत. परवाना अदेयांत घालावा. म्हणून घरधनी वारला कीं कपाटांतलें पिस्तूल त्या दिवसापासून बेपरवाना होतें. शोकाच्या दिवसांत हें कोणास आठवणार? तेरावा होतो, वर्षश्राद्ध होतें, आणि बिचाऱ्या विधवेस आपल्या लुगड्यांच्या घड्यांखालीं काय आहे व त्याचा अर्थ काय, याची कल्पनाहि नसते. वास्तविक तें विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावयाची असते. जमा केल्यानें मालकी जात नाहीं. ठरलेल्या मुदतींत वारसानें स्वतःचा परवाना मिळविल्यास शस्त्र परत मिळतें, अथवा तें पात्र माणसास विकून पैसे घेतां येतात. मुदत टळूं दिली तर मात्र तें सरकारजमा होऊं शकतें.

मालक हयात असतां देण्याचा मार्ग २०१६ च्या नियमांत आहे. धारकाचें वय ७० झालें असेल, किंवा शस्त्र २५ वर्षें त्याच्याजवळ असेल, तर तो आपला वारस नेमून देऊं शकतो. वारसानें जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्त असलेल्या शहरांत त्यांच्याकडे, स्वतंत्र अर्ज करावयाचा. वय २१ पुरें हवें, पोलीस चौकशी होते, शस्त्र सुरक्षितपणें वापरण्याचें शिक्षण घ्यावें लागतें, आणि इतर वारसांची संमति मागितली जाते. एका माणसानें दोनांपेक्षां अधिक बंदुका-पिस्तुलें बाळगूं नयेत ही २०१९ पासूनची मर्यादा वारशानें आलेल्या शस्त्रांसहि लागू आहे.

पलटणींत नोकरी केलेल्या आजोबांचें ०.४५५ चें वेब्ली कोणाच्या पेटींत असेल तर त्यानें अधिकच सावध व्हावें. तीं काडतुसें घेणारीं पिस्तुलें निषिद्ध वर्गांतलीं. त्यांचा परवाना जिल्ह्यांत मिळत नाहीं, केंद्र सरकारकडे जावें लागतें, आणि शिक्षा ७ पासून १४ वर्षांपर्यंत. 'जुनें आहे, शोभेचें आहे' हें उत्तर पुरत नाहीं. दुरुस्त करूनहि जें उडूं शकत नाहीं अशाच जुनाट हत्यारास कायदा सोडतो.

आमच्या मेहुण्यांचें प्रकरण निराळ्याच ठिकाणीं अडलें. ते दोन्ही अटींत बसत होते, चिरंजीवांचा अर्जहि लिहून तयार होता. पण सूनबाईंनीं एवढेंच विचारलें कीं, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, सहा वर्षांच्या मुलाच्या हाताबाहेर, हें ठेवावयाचें कोठें? यास नवऱ्यापाशीं उत्तर नव्हतें. मेहुण्यांस तें फार लागलें. आठ दिवस त्यांनीं मुलाशीं फोनवर बोलणें टाकलें. मग स्वतःच मला कळविलें कीं, गांवांतला एक परवानाधारक बागाइतदार तें विकत घेण्यास तयार आहे.

अशा विक्रीपूर्वीं घेणाराचें नांव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांस किंवा ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावें लागतें. ते दिवस पौषांत भरले. परवाना त्यांनीं परत केला, आणि पोलिसांनीं दिलेली पोंच सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवली आहे.