उसवा आणि पुन्हा विणा

माजिवड्याजवळची ठाण्याची रेमंड गिरणी १९२५ साली सुरू झाली, २००९ साली बंद पडली. तिथे मागावर उभे-आडवे धागे गुंफून लोकरी कापड होई. भगिनींनो, घरच्या विणकामाला माग नको. दोन सुया नि लोकरीचा गुंडा पुरे. इथे एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवतात. धागा सुईमागे ठेवून काढला तो सुलट टाका, पुढे घेऊन काढला तो उलट.

म्हणूनच मुलाला तोकडा झालेला स्वेटर टाकू नका. शेवटच्या टोकापासून उसवा, लडी बांधून कोमट पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा. धागा सरळ होतो. जोडीला दुसऱ्या रंगाची थोडी लोकर घ्या. वाढत्या अंगाला नवा स्वेटर निम्म्या खर्चात होईल.