खंजिरीची जबानी

आर्वीच्या भजनमंडळाचे ध्वनिमुद्रण झाल्यावर खंजिरीच्या झांजांना ‘ऊब’ देणारे एक प्लगइन लावले, आणि कान तृप्त झाले तरी मनाची खातरजमा होईना. म्हणून वर्ध्यास परतताच त्याची रीतसर जबानी घेतली. ‘प्लगइन डॉक्टर’ या प्लगइन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून १५,००० हर्ट्झचा शुद्ध स्वर त्यात सोडला, तेव्हा दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे ३०,००० हर्ट्झचा उपस्वर, सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या मुद्रणाची २२,०५० ही हद्द ओलांडू न शकल्याने, उलट फिरून १४,१०० वर, मूळ स्वराशी नातेगोते नसलेल्या आगंतुकासारखा उभा राहिला! प्लगइनमधले ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे आतल्या आत अधिक दराने नमुने हाताळण्याची सोय, सुरू करताच स्वारी जवळजवळ अदृश्य झाली. कान तृप्त होण्याचे आणखी एक कारण संभवते: किंचित मोठा आवाजही कानास सुधारणाच भासतो. तेव्हा तुलनेपूर्वी प्लगइनसह आणि प्लगइनविना अशा दोन्ही आवाजांची पातळी समान करून घ्यावी, ही विनंती.