यादी तळापासून लिहावी

२०२४ च्या गणपतीत आमच्या मंडळाच्या प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मला विचारले, "मुलगी यंदा अर्ज करणार ना? कॉम्प्युटर की मेडिकल?" मी म्हटले, "आंतरराष्ट्रीय संबंध." काका क्षणभर थांबले, हातातल्या ताटाकडे पाहिले आणि म्हणाले, "असं होय. म्हणजे पुढे लॉ करणार असेल." त्यांना माझे सांत्वन करायचे होते हे उघड होते. खरे सांगायचे तर सहा महिन्यांपूर्वी मी स्वतः घरात हेच वाक्य म्हटले होते, आणि मुलगी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

विषय तिने निवडला होता, तो बदलणार नव्हता. माझ्याकडे उरले होते ते यादीचे काम. कुठे अर्ज करायचे, किती करायचे, कोणत्या क्रमाने करायचे. यात आपल्याला काय कठीण, असे मला वाटले. मी २००२ साली एम.एस.साठी इथे आलो तेव्हा हॉस्टेलच्या सीनियरने दहा मिनिटांत माझी यादी करून दिली होती. दोन वरची विद्यापीठे, दोन मधली, एक हमखास. पाचच, कारण अर्जाची फी डॉलरमध्ये होती आणि वडिलांचा पगार रुपयांत. जीआरईचे गुण आणि टक्केवारी पाहिली की कुठे नंबर लागेल ते बहुतेक कळत असे. तो हिशोब इथल्या पदवीच्या प्रवेशाला लागू पडत नाही, हे कळायला मला एक स्नेही भेटावे लागले.

त्यांचा मुलगा हुशार, वादविवादात राज्यपातळीवर चमकलेला, गुण उत्तम. त्यालाही हाच विषय हवा होता. चौदा अर्ज केले. त्यातली अकरा महाविद्यालये अशी, की दहा अर्जदारांतला जेमतेम एक आत जातो, काही ठिकाणी वीसातला एक. "एवढी टाकली आहेत, एक तरी लागेलच," असे घरात सगळे म्हणत. अकराही गेली. उरलेल्या तीन 'सेफ्टी' मानलेल्या जागांपैकी दोघींनी प्रतीक्षायादीत ठेवले. तिसरीकडे प्रवेश मिळाला, पण तिथला खर्च झेपणारा नव्हता आणि मुलाने ते गाव आयुष्यात पाहिलेले नव्हते. त्या घरात एप्रिल महिना सुतकासारखा गेला.

"एवढी टाकली आहेत" या वाक्यात चूक कुठे आहे, ते इंजिनिअरच्या भाषेत सांगतो. प्रवेशाची शक्यता पाच टक्के असलेल्या दहा ठिकाणी अर्ज केला आणि प्रत्येक निर्णय दुसऱ्यापासून स्वतंत्र असला, तर निदान एक होकार येण्याची शक्यता सुमारे चाळीस टक्के येते. म्हणजे सगळे आलबेल धरूनही हात हलवत परत येण्याचा धोका निम्म्याहून जास्त. आणि हे निर्णय स्वतंत्र नसतातच. सगळीकडे तेच गुणपत्रक, तीच दोन शिफारसपत्रे, साडेसहाशे शब्दांचा तोच निबंध. पहिल्या वाचकाला जो निबंध सपक वाटला तो दहाव्यालाही वाटण्याचा संभव जास्त. आमच्या क्षेत्रात याला समान कारणाने होणारा बिघाड म्हणतात. २०११ साली जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात आपत्कालीन जनरेटर एक सोडून अनेक होते. पण बहुतेक सखल जागी होते आणि सुनामीच्या पाण्याने ते एकदमच निकामी केले. संख्या वाढवली म्हणजे सुरक्षितता वाढते असे नाही. एखादा तरी जनरेटर टेकडीवर लागतो.

म्हणून आम्ही यादी उलटी लिहायला घेतली, तळापासून. तळाच्या जागेला तीन अटी लावल्या. प्रवेश जवळजवळ निश्चित हवा. चार वर्षांचा खर्च कर्ज न काढता झेपायला हवा. आणि तिसरी, जी बहुतेक घरांत कोणी विचारातच घेत नाही: मुलीने तिथे आनंदाने जायला हवे. यातली एक जरी अट सुटली तरी ती जागा सेफ्टी नव्हे, कागद भरण्यासाठी लिहिलेले नाव. स्नेह्यांच्या तिन्ही 'सेफ्टी' याच परीक्षेत नापास होत्या. शिवाय काही महाविद्यालये अर्जदार खरोखर येणार आहे का, हेही तोलतात. चौकशी नाही, भेट नाही, तर उत्तम गुणांच्या मुलालाही प्रतीक्षायादी दाखवतात. त्यांच्या दोन प्रतीक्षायाद्यांचे गूढ बहुधा इथेच असावे.

आम्ही न्यू जर्सीचे रहिवासी, म्हणून मी तळाशी रटगर्स लिहिले. कन्येने कागदाकडे पाहिले आणि विचारले, "बाबा, मी खरंच तिथे गेले तर मंडळात सांगताना तुमचा चेहरा कसा असेल?" मी काही उत्तर दिले असेन, आता आठवत नाही. पण तिसरी अट तिच्यापेक्षा मलाच जास्त लागू होती हे तेव्हा लक्षात आले. त्यानंतर आम्ही दोघे न्यू ब्रन्सविकला एक दिवसभर जाऊन आलो. ती राज्यशास्त्राच्या एका वर्गात बसली, अरबी शिकवणाऱ्या विभागात चौकशी केली. तिथून न्यूयॉर्क रेल्वेने तासाभरावर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय हाकेच्या नाही तरी तिकिटाच्या अंतरावर. परत येताना ती म्हणाली, "चालेल." मग आम्ही वर चढायला सुरुवात केली.

आता विषयाविषयी थोडे, कारण यादी विषयावर ठरते. आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे चालू घडामोडींवर मते देणे, असा माझा समज होता. अभ्यासक्रम पाहिल्यावर तो गेला. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, थोडी संख्याशास्त्राची ओळख आणि एक परकी भाषा, तीही बोलता-वाचता येईपर्यंत. जॉर्जटाउनच्या स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिसमध्ये, जे १९१९ साली सुरू झाले, 'मॅप ऑफ द मॉडर्न वर्ल्ड' नावाचा नकाशाचा एक छोटा अभ्यासक्रमच असतो. आमच्या शाळेत भूगोलाच्या पेपरला नकाशा भरायला लावत, त्याची आठवण झाली आणि या विषयाबद्दलचा माझा आदर एकदम वाढला.

नावांची एक गफलत मात्र सावधपणे टाळावी. या क्षेत्रातल्या काही प्रसिद्ध संस्था मुळात पदव्युत्तर शिक्षणाच्या आहेत. टफ्ट्सचे फ्लेचर स्कूल १९३३ सालचे, जॉन्स हॉपकिन्सची वॉशिंग्टनमधली 'साइस' १९४३ सालची. बारावीनंतर टफ्ट्सला जाणारे मूल फ्लेचरमध्ये जात नाही. ते कला आणि विज्ञान शाखेत जाऊन तिथला पदवीचा विषय घेते. हॉपकिन्सचा पदवीचा अभ्यासक्रम बॉल्टिमोरला आहे. म्हणजे वाईट आहे असे नव्हे, पण पत्रिकेवरचे नाव पाहून मुलगी द्यावी तसे करू नये. दुसरा भेद दाराचा. जॉर्जटाउन आणि जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे एलियट स्कूल इथे अर्जातच शाखा निवडावी लागते. टफ्ट्ससारख्या ठिकाणी आधी कॉलेजात प्रवेश, विषय नंतर. ज्या मुलाचे मन अजून डळमळते त्याला दुसरा प्रकार बरा.

वरच्या पायरीवर तिने तीनच नावे ठेवली. प्रिन्स्टन, जॉर्जटाउन, टफ्ट्स. जॉर्जटाउनचा स्वीकाराचा दर अलीकडे बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास आहे, टफ्ट्सचा दहाच्या आसपास, प्रिन्स्टनचा त्याच्याही निम्म्याने. मला सात हवी होती. तिने विचारले, उरलेल्या चारांत असे काय आहे जे या तिघांत नाही? मला फक्त नावे आठवत होती.

मधली पायरी भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा, कारण मूल बहुधा तिथेच जाते. वॉशिंग्टनमधली अमेरिकन युनिव्हर्सिटी आणि एलियट स्कूल ही दोन नावे पहिली. अमेरिकनच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल सर्व्हिसच्या पायाभरणीला १९५७ साली अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. तिथे शिकताना सत्र चालू असतानाच संसदेच्या सभासदाच्या कचेरीत किंवा एखाद्या संशोधन संस्थेत उमेदवारी करता येते. हा लाभ गावाचा, ग्रंथालयाचा नव्हे. व्हर्जिनियातले विल्यम अँड मेरी सरकारी असल्यामुळे बाहेरच्या राज्यातल्या मुलांना अधिक कठीण, हे ध्यानात ठेवून घेतले. मिनेसोटाच्या मॅकॅलेस्टरचे नाव मी ऐकले नव्हते. कोफी अन्नान तिथून १९६१ साली पदवीधर झाले. इंडियाना विद्यापीठाच्या हॅमिल्टन लुगार स्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या भाषांची यादी पाहून मी थक्क झालो. हे शेवटचे नाव तळाच्या पायरीवर दुसरा आधार म्हणून गेले, कारण तिथे बहुतेक चांगल्या गुणांच्या अर्जदारांना प्रवेश मिळतो. एकूण नऊ अर्ज. कॉमन अ‍ॅप्लिकेशनवर वीसपर्यंत करता येतात, पण प्रत्येक ठिकाणचे 'आमच्याकडेच का' हे निबंध वेगळे, आणि पंधरावा निबंध कसा उतरतो ते मी स्नेह्यांच्या घरी पाहिले होते.

आता पैशाची गोष्ट. ती आपण मंडळात बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. आपल्यासारख्या दोन पगारांच्या घरांना गरजेवर आधारित मदत फारशी मिळत नाही. आणि प्रिन्स्टन, जॉर्जटाउन, टफ्ट्ससारखी महाविद्यालये नुसत्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, निदान मोजण्याइतकी नाही. मोठ्या खाजगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. तेव्हा मधल्या पायरीवर गुणवत्तेसाठी पैसे देणारी ठिकाणे असलीच पाहिजेत. ती ओळखायची कशी? बहुतेक महाविद्यालये दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' प्रसिद्ध करतात. त्याच्या सी विभागात किती अर्ज आले, किती घेतले, काय तोलले जाते ते असते; एच विभागात, गरज नसलेल्या किती विद्यार्थ्यांना सरासरी किती शिष्यवृत्ती मिळाली ते असते. जाहिरातीची चकचकीत पुस्तिका बाजूला ठेवून हे दोन विभाग वाचावेत. शिवाय २०११ पासून प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या घरच्या खर्चाचा अंदाज देणारे गणकयंत्र ठेवावे लागते. आम्ही नऊही ठिकाणचे आकडे एका रविवारी काढले. नंतर सौ.ने चहा केला तो कोणी प्यायले नाही.

पैशाचा या विषयाशी आणखी एक संबंध आहे. या क्षेत्रात बऱ्याच नोकऱ्यांना पुढे पदव्युत्तर पदवी लागते. पदवीलाच सगळी पुंजी आणि वर कर्ज घातले, तर फ्लेचर किंवा साइसची वेळ येते तेव्हा हात रिकामे. कॉम्प्युटरवाल्या मुलाला पहिल्याच नोकरीत कर्ज फेडता येईल, इथे ते धरून चालू नये. ठरलेल्या मुदतीआधीच्या 'अर्ली डिसिजन' अर्जाला आम्ही याच कारणाने नाही म्हटले. त्यात शक्यता वाढते, पण प्रवेश मिळाला की बांधले गेलात. दुसरीकडची शिष्यवृत्ती ताडून पाहायची सोय राहत नाही.

नागरिकत्वाचेही लिहितो, कारण ही चूक सुधारायला पुढे वाव राहत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत विशिष्ट विषयाची पदवी मागत नाहीत. कॉलिन पॉवेल परराष्ट्रमंत्री झाले, ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलेले. पण नागरिकत्व मागतात. एच-४ व्हिसावरच्या मुलांना संघीय आर्थिक मदत मिळत नाही, प्रवेशात बहुतेक ठिकाणी ती परदेशी धरली जातात आणि एकविसाव्या वर्षी तो व्हिसाही संपतो. अशा मुलांच्या यादीत परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणारी महाविद्यालये वेगळी शोधून घालावी लागतात. ग्रीन कार्ड असलेल्यांसाठी एक साधी गोष्ट: मूल अठराचे होण्याआधी आई किंवा वडील नागरिक झाले, आणि मूलही ग्रीन कार्डावर त्यांच्याजवळ राहत असेल, तर कायद्यानेच ते नागरिक होते. "नंतर बघू" म्हणून हा अर्ज टाळणारी घरे आपल्यातच आहेत.

निकाल २०२५ च्या मार्चअखेर आले. वरच्या तिन्हींनी नाही म्हटले. मधल्या दोघींनी घेतले, एकीने शिष्यवृत्तीसह. तळाच्या दोन्ही आल्या. शिष्यवृत्ती धरूनही वॉशिंग्टनचा आकडा रटगर्सच्या जवळजवळ दुप्पट होता. तिने दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवले, आठवडाभर ते तिथेच होते, आम्ही कडेने ताटे मांडत होतो. शेवटी तिने रटगर्स निवडले आणि वाचलेल्या पैशांतून एक सत्र परदेशी आणि पुढची पदवी, असे माझ्याकडून लिहून घेतले.

त्याच जुलैत परराष्ट्र खात्याने एका दिवसात तेराशेहून अधिक कर्मचारी कमी केले. त्याआधी दहा दिवस अमेरिकेची परदेशी मदत पाहणारी यूएसएड ही संस्था बंद झाली होती. मी ती बातमी तिच्यापासून लपवण्याचा खुळा प्रयत्न केला. तिने ती माझ्या आधी वाचली होती. "मी चार वर्षांनी बाहेर पडणार आहे, आज नाही," एवढेच म्हणाली. माझी काळजी तेवढ्याने गेली नाही, पण त्या संध्याकाळी डोक्यावर कर्ज नाही याचे फार बरे वाटले.

पुढच्या गणपतीत तेच काका पुन्हा रांगेत भेटले. त्यांच्या नातीला म्हणे हाच विषय हवा आहे, आणि यादीत तेरा नावे आहेत. मी त्यांना आमचा तक्ता पाठवला आहे. इतर कोणाला हवा असल्यास दिवाळीच्या कार्यक्रमात कॉफीच्या टेबलापाशी मला गाठावे. येताना यादीतले सर्वांत खालचे नाव ठरवून यावे.