दहांत कोणाला मोजायचं?

रबाळ्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली आणि दिघा गाव मागे टाकलं की ठाणं येतं. तिथे १८७९ साली बांधलेलं ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग आजही गजबजलेलं असतं. इथे येणारे बहुतेक जण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठीभाषक यहुदी. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, केहीमकर ही त्यांची आडनावंही गावांवरूनच आलेली.

सार्वजनिक प्रार्थनेसाठी परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. त्याला ‘मिन्यान’ म्हणतात. या दहांत कोणाला मोजायचं, यावरून मुंबईच्या यहुदी समाजात दीर्घकाळ कडवटपणा होता.

एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेल्या व्यापारी घराण्यांनी भायखळा आणि फोर्टमध्ये देखणी सिनेगॉग उभारली. शहराला त्यांनी खूप दिलं. पण बेने इस्रायलांचा वंश ‘शुद्ध’ नाही, असं त्यांच्यातले अनेक जण मानत. १८३६ मध्ये तर सामाईक दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत घालावी, असा अर्जच बगदादी मंडळींनी सरकारकडे केला. बेने इस्रायलही यातून सुटले नव्हते. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. आई किंवा आजी बाहेरच्या समाजातली असलेल्या कुटुंबांना ‘काळे’ म्हणत आणि त्यांच्याशी सोयरीक टाळत. विसाव्या शतकात हा भेद हळूहळू मावळला.

दरी सांधणारेही होते. कोचीनच्या यहुद्यांनी कोकणी बांधवांना धर्मशिक्षण दिलं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बेने इस्रायलांची शाळा सुरू झाली. तिला पुढे भरघोस मदत केली, ती बगदादमध्ये जन्मलेल्या सर एली कदूरी यांनी. माझगावची ही शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सर्वांत कठीण प्रसंग इस्रायलमध्ये आला. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलांच्या विवाहाआधी आईकडच्या पिढ्या तपासण्याचे आदेश काढले. ज्या देशात आपलेपणाने गेलो, तिथेच आपल्या यहुदी असण्याचा पुरावा द्यायचा? अपमानित झालेली कुटुंबं जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरली. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला, आणि त्यांचं नाव घेऊन केलेला उल्लेख रब्बींना आदेशातून काढावा लागला. हा सन्मान त्यांनी झगडून मिळवला, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटायला हवा.

एकत्र येण्याची त्यांची घरगुती रीत मात्र कोकणातलीच आहे. लग्नाआधी किंवा नव्या घरात जाताना एलियाहू हनावी, म्हणजे प्रेषित एलियाह यांच्या नावाने ‘मलिदा’ होतो. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं यांचं ताट प्रार्थनेनंतर सगळ्यांत वाटलं जातं.

भारतातले बहुतेक यहुदी इस्रायलला गेले आणि मुंबईतली बगदादी घरं तर बोटांवर मोजण्याइतकी उरली. भायखळ्याचं ‘मागेन डेव्हिड’ सिनेगॉग बगदादी व्यापारी डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये बांधलं. तिथे आज प्रार्थनेला दहा जण जमतात, ते मुख्यतः बेने इस्रायल कुटुंबांमधून.